आर्डंटचा चेहरा

मिस्त्रीने बोटाचे ग्रीस पँटला पुसले आणि पुढचे कार्ड उचलले.

"स्टबर्न."

"हट्टी," बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "तुमची आई."

ही तिच्या इंग्रजीच्या सरांची युक्ती. शब्द नुसता घोकायचा नाही, ओळखीतल्या कुणाच्या तरी गळ्यात बांधून टाकायचा. माणूस आठवला की शब्द आपसूक येतो. दवाखान्यातल्या बढतीसाठी तिची परीक्षा होती आणि तिने निम्मे नातेवाईक कामाला लावले होते. चेंगट दीर, भोचक शेजारीण, कुणालाच सोडले नव्हते. मिस्त्रीला त्यात भलतीच मजा यायची.

"आर्डंट."

तिचा हात दोरीवरच राहिला. "उत्कट. जीव ओतणारा."

"आणि माणूस कोण?"

"आहे एक." तिने चिमटा लावला. "पुढचं विचारा."

मिस्त्रीने पुढचे विचारले खरे, पण लक्ष कुठले लागायला! आहे एक म्हणजे कोण? सासूचे नाव घेताना जीभ अडखळत नाही आणि इथेच बरी दातखीळ बसली. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन तिला आणायला वर्गाच्या दाराशी गेला. सर तरणेबांड, इस्त्रीचा शर्ट, नखे स्वच्छ. बायको त्यांच्याशी हसून काहीतरी बोलत होती. मिस्त्रीने आपले हात खिशात घातले. घरी येईपर्यंत त्याचा नुसता जळफळाट झाला, आणि ती आत गेल्यावर त्याने ते कार्ड गुपचूप गठ्ठ्यातून काढून शर्टाच्या खिशात टाकले. विसर म्हणावे आता.

संध्याकाळी तिने कार्डे चाळली.

"एक कमी आहे. असू दे, तो शब्द मी काही आता विसरत नाही."

त्या रात्री मिस्त्री ताटावरून अर्ध्यातच उठला. स्पष्ट विचारावे, तर ती खरे सांगेल याचीच त्याला धास्ती वाटत होती.

सकाळी गॅरेजमध्ये एक जुनी मोटरसायकल आली. तीन मिस्त्र्यांनी हात टेकलेली. इंजिनात कुठेतरी बारीक खडखड होती. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जरा वर, जरा डावीकडे. सर, कार्ड, बायको, सगळे मागे पडले. सापडली एकदाची! त्याने हसतच इंजिन बंद केले आणि डोळे उघडले.

दारात बायको डबा घेऊन उभी होती. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या कार्डाकडे तिची नजर गेली. त्याने ते घाईने आत ढकलले.

"ते सर..."

"सर कुठून आले मध्येच?" ती म्हणाली. "आत्ता डोळे मिटून बसला होता ना, तो."

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. लाजून तो काहीतरी पुटपुटला. मग त्याला तिचा चेहरा दिसला. त्यावर हसू नव्हते.

"त्या यंत्राचा हेवा वाटतो हो मला," ती म्हणाली. "दोनदा हाक मारली मघाशी."

तिने डबा बाकावर ठेवला आणि ती निघाली. मिस्त्रीने डब्याला हात लावून पाहिला. केव्हाच गार झाला होता.