ठराव अठराची मोजणी

शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या एकशे चाळीस होत्या, त्यांतल्या तीन मोडक्या. दाराशी दोन टेबलं, मतदारयादीच्या दोन प्रती, चार पेन्सिली. सकाळी दहा वाजता यादी बंद केली, तेव्हा सभापती धरून एकशे अठ्ठावीस नावांपुढे खुणा झाल्या होत्या. त्यांतल्या पाच बायका स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्याकडे बीन्सची सहा भांडी, तीन हॅम आणि ब्राउन ब्रेडच्या अकरा लाद्या. लाद्या मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा दहाच भरल्या होत्या.

मोजणं हे त्या दिवशी माझं कामच होतं. मी भौतिकशास्त्र शिकून गावी परतले आहे आणि गावातल्या विहिरींच्या पाण्याच्या तपासण्या करते. त्यामुळे मार्चच्या ग्रामसभेत मोजणीदार हवा म्हटलं, की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या पेनक्रॉफ्टचा वर्षाचा कारभार या एका मंगळवारी ठरतो. नांगरगाडी घ्यायची का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, सगळं हात वर करून. पंचवीस मतदारांनी सह्या केल्या, तर कुठलाही विषय सभेपुढे आणता येतो.

ठराव अठरा तसाच आला होता. सह्या एकतीस, आणणारा ऑरिन कोल्बी, आणि मसुदा त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लिहिलेला. राज्यघटनेच्या पाचव्या कलमानुसार चौतीस राज्यांनी मागणी केली, तर राज्यांची परिषद बोलवावी लागते. तिथे घटनेत दुरुस्त्या सुचवता येतात. अडतीस राज्यांनी मान्य केल्या, तर त्या लागू होतात. वॉशिंग्टनला त्यात नकार देता येत नाही. आमच्या राज्याच्या विधिमंडळाने ही मागणी करावी, आणि ती फक्त केंद्र सरकारच्या अधिकारांना मर्यादा घालण्यापुरती असावी, एवढीच विनंती ठरावात होती.

ऑरिन आमचा रस्त्यांचा कारभारी, दरवर्षी निवडून येणारा. वय सदुसष्ट. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या पुरात ओढ्यावरचा पूल वाहून गेला आणि त्याचं घर पलीकडे राहिलं. त्याच्याकडे लाकूड होतं, माणसं होती; नऊ दिवसांत पूल उभा राहिला असता. पण गावाने पुराची केंद्रीय मदत घ्यायचं ठरवलं, आणि मदत घेतली की परवानगी येईपर्यंत ओढ्यात खुंटीसुद्धा मारता येत नाही. अर्ज तीनदा परत आला. शेवटच्या वेळी कारण होतं, की ओढ्याची रुंदी चुकीच्या ठिकाणी मोजली आहे. ती मी मोजली होती. नकाशावर ओढा जिथे दाखवला होता, तिथे तो गेली बारा वर्षं वाहतच नाही.

ऑरिनची बायको लायला हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पूल नाही म्हणून जाता-येता अडतीस मैल जास्त.

सभापती रॉइस बॅचेल्डरने ठराव वाचला आणि ऑरिन उभा राहिला.

"ऑरिन, वॉशिंग्टनला शहाणपण शिकवायच्या आधी माझ्या दारातला बर्फ काढ!" मागून हार्लन ओरडला.

"तुझ्या दारात बर्फ नाहीये, तुझी भंगार गाडी आहे," ऑरिन म्हणाला. "ती हलवायला मला केंद्राची परवानगी लागेल. तीन वर्षं थांब."

हशा पिकला. रॉइसने हातोडी आपटली, पण तोही हसत होता.

"मला भाषण येत नाही," ऑरिन म्हणाला. "या ठरावाने माझा पूल बांधला जाणार नाही, ते मला कळतं. पण मी या खोलीला जाब देतो. माझा रस्ता खचला, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्या दारात असता. शिव्या घालता, आणि मी दुरुस्त करतो. माझा अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाला मी दोनदा फोन केला. सभ्य माणूस होता. म्हणाला, नियम माझ्या हातात नाही. मी विचारलं, मग कुणाच्या? त्याला माहीत नव्हतं. खोटं नव्हता बोलत, त्याला खरंच माहीत नव्हतं. घटनेत लिहिलंय, की जे अधिकार केंद्राला दिले नाहीत ते राज्यांकडे, नाहीतर लोकांकडे. मी विचारतोय, कुठे गेले ते?"

तो बसल्यावर मी बोलले. थोडक्यातच. चूक दुरुस्त व्हायची, तर ती जिथे जाणवते तिथून निर्णय फार लांब असून चालत नाही. तापवायची आहे ही खोली, आणि थर्मोस्टॅट बसवलाय पाचशे मैलांवर. तो बिघडला आहे असंही नाही. तो त्याच्या खोलीचं तापमान बरोबर दाखवतो आहे.

टाळ्या पडल्या. मग मार्जोरी पाइक उठल्या. वय ऐंशी, चाळीस वर्षं नर्स.

"डेलिया, थर्मोस्टॅटचं तू छान सांगितलंस," त्या म्हणाल्या. "पण खोलीतल्या माणसांनीच ठरवलं, की एकाला गारठ्यात बसवायचं, तर? मी एकवीस वर्षांची असताना दक्षिणेत नोकरीला होते. एक इस्पितळ, दोन वॉर्ड. गोऱ्यांचा वर, काळ्यांचा तळघरात, बॉयलरशेजारी. गावाला ते मान्य होतं. राज्याला मान्य होतं. हात वर करून मत घेतलं असतं, तर दरवर्षी मंजूर झालं असतं. वॉशिंग्टनहून पत्र आलं, की वॉर्ड एक करा, नाहीतर पैसे बंद. चार महिन्यांत तळघर रिकामं झालं. ते पत्र पाठवणाऱ्यालाही कुणी ओळखत नव्हतं, ऑरिन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑरिन टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. "ते पत्र बरोबरच होतं," तो हळू म्हणाला. "पण प्रत्येक पत्र ते पत्र नसतं, मार्जोरी."

"नसतं," त्या म्हणाल्या. "मला फक्त पुढचं तसं पत्र अडायला नकोय."

हात वर करून मत घेतलं, तर रॉइसला अंदाज येईना. मग त्याने विभागणी मागितली. आमच्याकडे विभागणी म्हणजे उठून चालायचं. 'होय'वाले घड्याळाकडच्या बास्केटबॉलच्या जाळीखाली, 'नाही'वाले समोरच्या. मोजणीदार ज्या त्या बाजूचा, पूर्वीपासून. आमच्याकडे मी, त्यांच्याकडे मार्जोरी.

मी स्वतःपासून सुरुवात केली आणि रांग मोजली. एकसष्ट. मग खात्रीसाठी उलटी मोजली. एकसष्ट. मार्जोरी एकेकाच्या खांद्याला हात लावत पुढे गेल्या, शेवटच्या माणसापाशी वळल्या आणि म्हणाल्या, "साठ."

"होय एकसष्ट, नाही साठ," रॉइस म्हणाला. "ठराव मंजूर."

ऑरिनच्या पाठीवर थापा पडल्या. मेपलचा पाक बनवणाऱ्या प्रेस्कॉट बंधूंपैकी धाकट्याने शिट्टी मारली. सगळे खुर्च्यांकडे परतले. रॉइस कागद उलटत होता. ठराव एकोणीस कुत्र्यांच्या परवान्यांचा होता.

मी बेरीज केली. सवय म्हणून, दुसरं काही नाही. एकशे एकवीस.

"ऑरिन," मी म्हणाले, "एकशे अठ्ठावीस आले होते."

"बरं मग?"

"स्वयंपाकघरात पाच. रॉइस कधीच मत देत नाही, म्हणजे सहा. एक कमी पडतंय."

"संडासात असेल कुणीतरी."

"सगळे रांगेत होते, कारकूनसुद्धा. मार्जोरींनी स्वतःला धरलं नाही."

ऑरिनने पलीकडे पाहिलं. मार्जोरी शालीचं टोक सारखं करत होत्या.

"तिला कळलंय?"

"नाही."

"मग तुला कशाला कळायला हवं होतं?"

मी हातातल्या कागदावर साठ खोडून एकसष्ट लिहिलं.

"एकसष्ट-एकसष्ट," तो पुटपुटला. "बरोबरी म्हणजे फेटाळला."

"हो."

"पोरी, एकतीस सह्यांसाठी मी जानेवारीत दारोदार फिरलो. लायला गाडीत बसून राहायची, घरी एकटीला सोडता येत नाही म्हणून."

"माहीत आहे मला. सात दारांना मी होते तुमच्याबरोबर."

"मग?"

आमच्या नियमात असं आहे, की निकालावर शंका घ्यायची, तर पुढचं काम सुरू व्हायच्या आत घ्यायची, आणि सात जणांनी. मग चिठ्ठ्यांनी पुन्हा मत. एकदा पुढचा ठराव वाचला, की निकाल कायमचा. रॉइसने चष्मा चढवला. मला एवढंच दिसत होतं, की आम्ही त्या दूरच्या कचेरीबद्दल जे जे बोललो होतो, ते सगळं आता चार फुटांवर येऊन बसलं होतं. आमच्या हातात माप होतं, चूक आमच्या फायद्याची होती, आणि ती तपासणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ठराव एको—"

"सभापती," मी उभी राहिले. "मोजणीवर शंका आहे."

रॉइसने चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्याच मोजणीवर?"

"माझ्या नाही. मार्जोरी, तुम्ही किती मोजले?"

"साठ. सगळे मोजले की."

"सगळे मोजलेत. तुम्हाला सोडून."

 त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! चाळीस वर्षं वॉर्ड मोजला, त्यात मी कधी नसायचेच."

हसण्याचा असा लोट आला, की स्वयंपाकघराचं दार उघडून एक बाई डोकावली.

"सात लागतात," रॉइस म्हणाला.

हार्लन आधी उठला. मग त्यांच्या बाजूच्या खुर्च्या वाजू लागल्या. माझ्यासकट बारा जण उभे राहिले. आमच्या बाजूचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. "दुधात मिठाचा खडा पडला," असं धाकटा प्रेस्कॉट माझ्याकडे न बघता म्हणाला.

ऑरिन बसूनच होता. बसूनच तो म्हणाला, "रॉइस, स्वयंपाकघरातल्यांनाही बोलव. मोजायचंच आहे, तर सगळं मोज."

"बीन्स करपतील," दारातली बाई म्हणाली.

"करपू देत."

पाचही जणी एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. कारकुनाने पिवळे कागद कापायला घेतले, आणि त्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात प्रेस्कॉट बंधू उठले. दोघेही आमच्या रांगेत होते.

"भट्टीवर रस चढवलाय," थोरला ऑरिनला म्हणाला. पाकासाठी आटवायचा मेपलच्या झाडांचा रस त्या आठवड्यात धो धो वाहत होता, आणि कढई सोडून आलेला माणूस किती वेळ थांबणार? "अजून थांबलो, तर तळ जळेल. तू म्हणशील, तर थांबतो."

ऑरिनने घड्याळाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मतपेटीकडे. "जा," तो म्हणाला. "वर्षाचं पीक आहे तुमचं."

ते गेले. पेटी फिरली. मार्जोरी आणि मी एकाच टेबलावर बसलो. त्या चिठ्ठी उघडून वाचत, मी पाहून ढिगात ठेवत असे. दहा-दहाचे गठ्ठे. ऑरिन टेबलासमोर उभा होता, टोपी हातात.

"ऑरिन, इथे उभं राहून चिठ्ठी बदलत नाही," मार्जोरी म्हणाल्या.

"मला कळतंय ते. पण मला बघायचंय."

"बघ मग. उजेडातून बाजूला हो फक्त."

तो बाजूला झाला. गठ्ठे बांधून झाल्यावर मार्जोरींनी ते माझ्याकडे सरकवले, मी मोजून त्यांच्याकडे, आणि त्यांनी पुन्हा एकदा मोजले. मग आकडे लिहिलेला कागद आम्ही रॉइसला दिला. त्याने तो हातभर लांब धरून वाचला.

"एकूण चिठ्ठ्या एकशे पंचवीस. होय एकसष्ट. नाही त्रेसष्ट. कोरी एक."