नायकाचे नाव वारंवार येते

"नाव लिखताना मधमाच उठू नको बरं, माय. कोनी भी हाक मारो."

सासूबाई, धुरपदाबाई, मला असं बजावायच्या. त्या गेल्या, पण त्यांचा नेम माझ्याकडे राहिला. रोज दुपारी दोन ते तीन वहीत रामनाम लिहायचं. गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत हा तास सगळ्यांना पाठ. वत्सला नाव लिहितेय म्हटलं की कोणी कडी वाजवायचं नाही. एरवी दिवसभर दारात कोणी ना कोणी उभं. सगळ्यात जास्त पुष्पाआक्का. विरजण मागायला यायच्या आणि पाऊण तास बसायच्या.

त्या वर्षी, ब्याण्णव असेल, जळगावच्या एका मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. आधीच्या चार कथा परत केल्या असल्या तरी हात बरा आहे, श्रावण संपायच्या आत एक पाठवा, दिवाळी अंकासाठी पाहू. माझं तोवर एक अक्षर छापलं गेलं नव्हतं. कार्ड मी देवापुढे ठेवलं. पण लिहायचं कधी? मग, देव क्षमा करो, मी त्या तासाची वाटणी केली. अर्धा रामाला, अर्धा कथेला.

वह्या दोन. दोन्हींना साडीच्या खोक्यावरच्या चित्राचं कव्हर, कारण घरात तोच कागद. कथेच्या वहीतही प्रत्येक पानावर आधी 'श्रीराम' लिहायची. कोणी डोकावलंच तर खोटं पडायला नको, एवढंच.

कथा झाली तेव्हा मी यजमानांना ती वही टपालात टाकायला सांगितली. सांगितली म्हणजे, तोंडात जप होता म्हणून देव्हाऱ्याकडे खूण केली. तिथे दोन्ही वह्या. त्यांनी वरची उघडली, 'श्रीराम' दिसलं, ही नामाची म्हणून ठेवून दिली आणि दुसरी न उघडताच पाठवली. संध्याकाळी मी भाजीला गेले असताना पुष्पाआक्का आल्या. पर्वत पाटियाजवळ नवं देऊळ बांधायचं होतं, त्याच्या पायात ठेवायला त्या रामनामाच्या वह्या गोळा करत होत्या. राहिलेली वही यजमानांनी त्यांना दिली. मी निश्चिंत. एक जळगावला, एक रामाला.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, पाकीट परत आलं. सोबत चिठ्ठी होती.

'भाव उत्कट आहे, पण पुनरुक्ती फार. नायकाचे नाव वारंवार येते. कथानक पुढे सरकत नाही. सुधारून सोमवारपर्यंत आल्यास विचार करू.'

मला रडू येत होतं. बन्सीलालांनी, म्हणजे यजमानांनी, वही उलटून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"संपादकांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "यात दुसरं कोणी येतच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कथेची दुसरी प्रत नव्हती, आणि पायाभरणी शनिवारी सकाळी.

रामनामाची वही घेऊन मी आक्कांकडे गेले. तांबड्या फडक्यातलं गाठोडं बांधून तयार होतं. मी हातातली वही पुढे केली. आक्कांनी गाठोड्याला हात लावला नाही. गादीखालून माझी वही काढली.

"बायका ओळी गाळतात, म्हणून मी नावं मोजते," त्या म्हणाल्या. "तुझ्या वहीत वर राम एकटा अन् खाली सगळी सोसायटी."

"विरजण मागायला येते अन् उठत नाही, ती कोण?"

"कोणी पण असेल, आक्का. सगळीकडे असतात."

"हं. तिला जाता जाता काही बोलायचं असेल, ते तू लिहिलंच नाहीस. नुसतीच दारातून घालवलीस."

हे मात्र खरं होतं. शेवट मी घाईत उरकला होता, तीन वाजत आले म्हणून. तसं मी कबूल केलं, अर्ध्या तासाच्या वाटणीसकट. आक्कांनी देवाला हात जोडले, मला वाटलं आता रागावणार. पण त्यांनी हिशोब सरळ करून दिला. रामाचा तास रामाला पुरा द्यायचा, त्यात भागीदारी नको. कथेला तीन ते चार घ्यायचे.

"तीनला तर सगळ्या येतात," मी म्हटलं.

"कोण येतं ते मी बघते."

शनिवारी नामाची वही पायात गेली. यजमानांनी रविवारच्या पॅसेंजरने स्वतः जळगावला जायचं कबूल केलं, आणि या खेपेला वही उघडून पाहायचंही. त्याच दुपारी मी नाम आटोपलं, कथेचं शेवटचं पान समोर घेतलं. गिरणीचा तीनचा भोंगा झाला. दाराच्या फटीतून मला समोरच्या खोलीचं दार हलताना दिसलं. पुष्पाआक्का बाहेर आल्या. एका हातात पाट, दुसऱ्या हातातल्या सुपात वालाच्या शेंगा. पावलं न वाजवता जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरल्या आणि पाट आडवा टाकून वाटेतच बसल्या.