गाडी साक्ष देणार नाही

मी उत्कर्षाची गाडी. पुण्यात नुसतं गाडी म्हटलं की ती दोन चाकांचीच असते. चार चाकांची असेल तर मालक ते आपणहून सांगतो. रंग राखाडी, मुक्काम वारज्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. वय विचारू नका.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. कारखान्यातल्या एका रांगेत आम्ही सगळ्या सारख्याच जोडल्या गेलो. शोरूममध्ये मात्र उत्कर्षाने बाकीच्या सगळ्यांना सोडून माझ्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हीच." मग हार झाला, कुंकू झालं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं आणि मी ते फोडलं. आजवरच्या आयुष्यात मी चिरडलेली तेवढीच एक वस्तू. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उत्कर्षा लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. सकाळी वारज्यातून निघायचं, कर्वे रस्ता धरायचा, नदी ओलांडून शनिवार पेठेत शिरायचं. पायाशी नळ्यांची निळी पेटी. म्हाताऱ्या माणसांच्या पळणाऱ्या शिरासुद्धा तिच्या हाताला सापडायच्या. लोक गॅलरीतून हाक मारून तिला चहाला बोलवायचे. ते दिवस फार छान होते.

मग एका सकाळी शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवरून मी उडाले. पुण्यातला स्पीडब्रेकर तो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण उत्कर्षाचे हात हँडलवर एकदम गार पडले. "कुणाला धडकले का मी?" ती पुटपुटली. वळून परत आली. रस्त्यावर स्पीडब्रेकर होता आणि त्यावर एक निवांत कुत्रा होता, तोही दुसऱ्या टोकाला.

त्यानंतर प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक दणक्याला आम्ही मागे फिरू लागलो. परत येऊन पाहिलं की तिला वाटे, परत येताना तर कुणाला लागलं नसेल? की पुन्हा फेरी. पार्किंगमध्ये ती गुडघ्यावर बसून माझ्या चाकांवरून बोटं फिरवायची, रक्त दिसतंय का म्हणून. दुसऱ्या दिवशी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधायची. मला रडू यायचं. अगं, या शहरात कुणाला नुसता आरसा घासला तरी तो चौकापर्यंत पाठलाग करून तुझी अक्कल काढतो! इथे माणूस पडेल आणि गप्प राहील? पण तिला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी भीती हटत नव्हती, हेच तर दुखणं होतं.

मग बाबा पुढे झाले. बाबा म्हणजे ज्ञानदेव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासणीचं काम केलं. त्यांचा शिक्का पडल्याशिवाय माल हलायचा नाही. निवृत्त झाले तरी शिक्का तोंडात राहिलाच. आमटी चांगली झाली की "पास". शेजारच्या मुलाला सायकल आली की "पास".

ते रोज डबलसीट बसू लागले. दणका बसला की उत्कर्षा विचारायची, "बाबा?" आणि ते मागून म्हणायचे, "पास!" ती सुटकेचा श्वास टाकायची. मलाही हायसं वाटायचं.

फार दिवस टिकलं नाही ते. हळूहळू एका "पास"ने भागेना. "नीट बघून सांगा ना बाबा." मग बाबा उतरून बघून यायचे. "आवाज नेहमीसारखा नाही लागला तुमचा, परत म्हणा." तेही म्हणायचे. लेकीवर इतका जीव, की तिने दिवसभर म्हणायला लावलं असतं तरी म्हणाले असते.

इकडे शनिवार पेठेत पेशंट उपाशी बसलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या मथुराबाई गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आलात? मला वाटलं, आज उपाशीपोटी नाही, उपोषणाला बसवूनच रक्त घेणार!"

तक्रारी वाढल्या तेव्हा लॅबच्या प्रमुख मेहनाज मॅडम स्वतः खाली पार्किंगमध्ये आल्या. "उत्कर्षा, तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. पण वडिलांना घेऊन राउंड नाही चालणार. दिवाळीनंतर एकटीने जमलं तर ठीक, नाहीतर काउंटरवर बसावं लागेल."

"मग मी गाडी विकून टाकते," उत्कर्षा म्हणाली. माझ्या सीटवर हात ठेवूनच म्हणाली. मला केवढं लागलं म्हणून सांगू.

मेहनाज मॅडम म्हणाल्या, "माझ्या मावशीला हात धुण्याचं होतं. कातडी निघायची, तरी धुवायची. तुझं गाडीवरचं आहे, एवढाच फरक. याला ओसीडी म्हणतात आणि यावर उपचार आहेत. मावशी आता बिर्याणी हाताने कालवते. पत्ता देते, जा."

ओसीडी हा शब्द मी सिग्नलला पुष्कळदा ऐकला होता. चादर सरळ लागते म्हणून "मला ना, ओसीडी आहे" असं कौतुकाने सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा माझ्या हँडलवरचा तो गार घाम बघायला हवा होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सुरुवातीला पोट बिघडलं, उपयोग दिसायला कित्येक आठवडे गेले. आणि चैताली मॅडम भेटल्या. त्या मानसोपचाराच्या, पण खोलीत बसून भागवणाऱ्यातल्या नव्हेत. आमच्याकडे येऊन थेट बाबांनाच विचारलं, "काका, तुमच्या कारखान्यात पास झालेला माल रोज परत तपासायला यायचा का हो?"

"छे! एकदा शिक्का बसला की बसला."

"मग हिला दिलेला शिक्का रोज का पुसला जातो?"

बाबा माझ्या आरशाकडे बघत राहिले. "म्हणजे, मी पोरीला मदत करत नाहीये?"

"भीतीला करताय. खात्री मिळाली की भीती अजून खात्री मागते. आता हिने विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं."

"माहीत असलं तरी?"

"तरीही."

मग मॅडम डबलसीट बसल्या. आधी एका शांत गल्लीतला स्पीडब्रेकर. ओलांडायचा आणि मागे फिरायचं नाही, बस्स. उत्कर्षाने गल्लीच्या टोकाला मला थांबवलं. "कुणीतरी पडलंय तिथे," ती म्हणाली. "असेल, नसेल. थांबू आपण," मॅडम म्हणाल्या. भीती चढली, चढली, आणि मग कुणी काहीही न करता आपली आपण उतरायला लागली. माझ्या हँडलला ते कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही पोर जिंकणार.

सगळं सरळ नाही झालं. एकदा कुत्रं केकाटलं आणि आम्ही भर रहदारीत उलट फिरलो. घरी येऊन ती हेल्मेट न काढताच रडली. मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "उद्या तोच रस्ता." आणि दुसऱ्या दिवशी तिने तोच रस्ता धरला. चाकांवरून बोटं फिरवणं सोडलं. पेपर बाबांच्या हाती गेला.

मग आला तो शाळेजवळचा पहिला स्पीडब्रेकर. बाबा मागे. दणका बसला आणि डिकीत काहीतरी आदळलं.

"बाबा?"

बाबांच्या मांड्या माझ्या सीटवर आवळल्या गेल्या. ज्या तोंडाने आयुष्यभर खात्री दिली, ते तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाबा, सांगा ना!"

"मला माहीत नाही गं." आवाज फाटला त्यांचा.

मूठ सैल झाली. वेग कमी झाला. माझं हँडल उजवीकडे, वळायच्या बाजूला, कलायला लागलं. मग तिने दात आवळले, हँडल सरळ केलं आणि मूठ पिळली. पुलापर्यंत ती रडत होती आणि गाडी चालवत होती. बाबा मागे बसून डोळे पुसत होते. दोघांपैकी एकानेही मागे पाहिलं नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी बाबा सोसायटीच्या गेटपाशीच थांबले. आम्ही दोघीच निघालो. शनिवार पेठेत पोचलो तेव्हा मथुराबाई गॅलरीत येऊन ओरडल्या, "एवढ्या लवकर? थांबा, दात तरी घासू द्या!" उत्कर्षा इतकी हसली की पेटी हातातून निसटता निसटता राहिली.

आता माझं सीट फाटलंय, डावा इंडिकेटर लहर लागली तर लागतो. मला विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. उत्कर्षाची शंका गेलेली नाही, अधूनमधून येते. ती तिला येऊ देते आणि पुढे जाते. बाबांचा "पास" परत आमटीपुरता उरलाय.

पूर्वी मला वाटायचं, देवाने एकदाच वाचा द्यावी आणि मी तिला ओरडून सांगावं, अगं, त्या लिंबाखेरीज माझ्या चाकाखाली कधी काही आलेलं नाही! आता वाचा फुटली आहे, पण तिला सांगणार नाही. सांगितलं तर ती उद्या परत विचारेल, आणि बाबा कष्टाने जिथून उठले तिथे मी जाऊन बसेन. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरी कुणी गॅस बंद आहे ना, हात स्वच्छ आहेत ना, असं पुन्हा पुन्हा विचारत असेल तर हसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि तुमच्या जिभेवरचं ते मायेचं "हो गं" कधी आवरायचं, हे त्यांनाच विचारा.

चला, जिन्यावर तिची पावलं वाजतायत. पेटी पायाशी आली, किल्ली लागली. आज तिने चाकांकडे पाहिलं, आणि हवा कमी वाटली म्हणून मला पंपाकडे वळवलं.