गारमहाराजांचा चढ

मुलांनो, एक लांबलचक चढ मनात आणा. डोळे मिटायची गरज नाही. या गोष्टीत उघड्या डोळ्यांचंच काम आहे. ऊन मी म्हणतंय. चढ संपतो तिथे पत्र्याची शेड, शेडमध्ये गादीवर गारमहाराज, आणि बाहेर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची ही रांग.

त्या रस्त्याचा एक नियम होता. महाराजांसमोर इंजिनाचा आवाज चालत नसे. चढून आलेल्या प्रत्येकाने गाडी बंद करायची, हात जोडायचे, मगच पुढे जायचं. नव्या गाड्या नमस्कार आटोपून भुर्रकन निघून जात. जुन्या मात्र पुन्हा सुरूच होत नसत. किल्ली फिरवून फिरवून चालक घामाघूम होई. मग महाराज उठत, ओला पंचा इंजिनावर दाबत, मडक्यातलं 'शीतजल' शिंपडत आणि गरजत, "पेट्रोल नाही तापत रे, पाप तापतं! निव, निव, निव!" थोड्या वेळाने गाडी घर्रर्र करून सुरू. लोक टाळ्या वाजवत.

"नव्या गाड्या का नाही अडत, महाराज?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असे. "वेड्या, कालची जन्मलेली ती! तिनं पाप करायचं कधी?"

हसू आलं ना? पण रांगेत एक टॅक्सी होती, तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या सीटवर टिटवीची आई पुढे वाकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरेना. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. चढापलीकडच्या इस्पितळात यंत्रावर तिचं रक्त स्वच्छ करावं लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी मोजून प्यायचं, कारण शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. पण टिटवीचे पप्पा स्वतःच ही जुनी टॅक्सी चालवायचे. महाराजांचा चमत्कार त्यांनी रोज पाहिलेला. लोखंडाचा ताप उतरवणारा माणूस बायकोचा का नाही उतरवणार? त्यांनी बाटल्या भरभरून शीतजल विकत आणून तिला पाजलं. इस्पितळाच्या पाळ्या चुकल्या. आईचे पाय सुजले, मग चेहरा, आणि आज श्वास.

"पप्पा, आज तिथं थांबू नका ना," टिटवी चढावर म्हणाली होती. सदा टिवटिव प्रश्न विचारते म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव.

"गप गं. आजच तर थांबायला हवं."

थांबले. इंजिन बंद केलं. हात जोडले. आणि गाडी सुरू होईना. महाराजांच्या पुढ्यात आधीच बऱ्याच गाड्या होत्या.

टिटवीला एक गोष्ट आठवत होती. मागे याच चढाच्या मध्यावर पंक्चर झालं, तेव्हा चाक बदलल्यावरही गाडी अशीच रुसली होती. तिथे ना महाराज, ना मडकं. बापलेक झाडाखाली बसले, आणि काही वेळाने ती आपली आपण सुरू झाली. टिटवी खाली उतरली आणि उघड्या बॉनेटखाली डोकावली. जुन्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा एक छोटा पंप असतो, त्यावर काचेची छोटी वाटी असते.

"पप्पा, या वाटीत पेट्रोल कुठंय? नुसते बुडबुडे!"

"हात लावू नकोस, भाजेल."

"मला भाजेल, मग पेट्रोलला नाही भाजणार?"

पप्पांनी वाकून वाटीकडे पाहिलं. टिटवीने डिकीतून पाण्याचा डबा काढला आणि टॉवेल भिजवला.

"ए पोरी!" शेडमधून आरोळी आली. "मंत्राविना पाणी? इंजिन फुटेल!"

"फुटलं तर तुम्ही आहातच की!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मागून आईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. पप्पांनी टिटवीच्या हातातून टॉवेल घेतला आणि स्वतःच पंपाभोवती, नळीभोवती गुंडाळला. तो सुकला तसा पुन्हा भिजवला. बुडबुडे विरले, काचेत पेट्रोल चढलं. पप्पांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू.

समजलं ना, काय झालं? चढाने इंजिन चांगलंच तापलेलं. चालू असतं तेव्हा पंखा वारा घालतो, पेट्रोलही वाहतं राहतं. ते एकदम बंद केलं की सगळी धग पंपात आणि नळीत शिरते, पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ढकलता येतं, वाफ नाही. नव्या गाड्यांत टाकीतूनच जोराने पेट्रोल ढकललं जातं, म्हणून त्या अडत नाहीत. म्हणजे गाडी आजारी पडायची ती महाराजांपुढे इंजिन बंद करण्याच्या नियमामुळेच! आधी रोग द्यायचा आणि मग औषध विकायचं.

लोकांना हे पटलं असेल? महाराजांनी क्षणभर ओठ चावले, मग दोन्ही हात वर केले. "बघा लीला! आज आम्ही या बालिकेच्या हातून काम केलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. इंजिन बंद करून कृतज्ञतेने नमस्कार करायला पप्पांचा हात किल्लीकडे गेला.

"पप्पा, आई!" टिटवी ओरडली, तेव्हा कुठे गाडी निघाली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांत पाणी भरलंय, हृदय थकलंय. यंत्रावर घेतो, पण फार उशीर केलात." त्यांनी कसलंच वचन दिलं नाही. पप्पा व्हरांड्यात डोळे पुसत म्हणाले, "महाराजांनीच वेळेत पोचवलं."

मुलांनो, चमत्कार दिसला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: हे दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाच्या हातून, मंत्रावाचून होईल का? प्रश्न विचारून दरवेळी माणूस वाचेलच असं नाही. पण न विचारल्याने टिटवीच्या आईचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंत.

दुसऱ्या दिवशी आईला भेटायला जाताना पप्पांनी शेडसमोर पुन्हा इंजिन बंद केलं आणि ते नमस्काराला आत गेले. टिटवी खाली उतरली. चढावरून आणखी एक जुनी गाडी वर येत होती. टिटवी त्या गाडीच्या खिडकीशी धावली.

"काका, इंजिन बंद करू नका! त्यानेच अडते गाडी!"

"महाराजांसमोर? शहाणीच आहेस," म्हणत काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

टिटवी त्यांच्या मागून येणाऱ्या गाडीकडे गेली.