पाटल्यांवरचा शिक्का

साखळी उजेडाकडे धरून जानकीने भिंग डोळ्याला लावलं. कडीजवळ ९१६ असा आकडा होता. म्हणजे बावीस कॅरेट. पण आकड्याशेजारी सरकारी हॉलमार्कची त्रिकोणी खूण नव्हती, आणि कडी जिथे घासली गेली होती तिथून तांबूस रंग डोकावत होता.

समोर वायरीहून आलेली बाई बसली होती. सासूच्या माघारी वाट्याला आलेली साखळी तिला मोडायची होती. जानकीने साखळी आधी तिच्या हातात परत दिली, पाण्याचा पेला पुढे केला आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "ही सोन्याची नाय, वयनी. वर मुलामो आसा."

बाईने साखळीची कडी बोटाने चाचपली. आकडा तर आहे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आकडा कुणीही मारतो, हे जानकीने तिला समजावलं. 'खोटं' हा शब्द ती गिऱ्हाइकांपुढे कधी उच्चारत नसे. तो ऐकला की माणूस दागिन्याबद्दल न बोलता देणाऱ्याबद्दल बोलू लागतो, हे तिने पाहिलं होतं.

मालवणच्या बाजारातलं ते दुकान भाईंचं. भाई तिच्या सासूचे मावसभाऊ. बायका-गिऱ्हाइकांशी बोलायला म्हणून त्यांनी जानकीला बसवलं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तसं भिंग तिच्या हातात आलं. चांदीवरचं ९२५, अठरा कॅरेटचं ७५०, जुन्या सोनारांची नावाची अक्षरं, सगळं ती बसल्या जागी शिकली. पगार मात्र तिच्या हातात कधी पडला नाही. भाई तो तिच्या नवऱ्याकडे, बाबलीकडे देत. घरचंच दुकान, घरच्याच माणसाकडे गेला, असं ते म्हणत. एकदा तिने तो आपल्याला द्यायला सांगितलं, तेव्हा ते हसले आणि संध्याकाळी बाबलीला फोन केला. त्या रात्री आचऱ्याच्या घरात काय झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. पुन्हा तिने विषय काढला नाही.

तिचं स्वतःचं असं एकच होतं. लग्नात वडिलांनी घातलेल्या दोन पाटल्या. आरोंद्याच्या महादू सोनाराने त्या घडवल्या होत्या. प्रत्येकीच्या आत तो २२ आणि आपलं 'म' अक्षर ठोकायचा. दुसऱ्या पाटलीवर ठोकताना त्याच्याकडून 'म' उलटा पडला. तो पुसून पुन्हा मारायला निघाला तेव्हा वडील म्हणाले, असू दे, माझ्या पोरीची पाटली कुठेही ओळखू येईल. नणंदेच्या लग्नानंतर पाटल्या सासूच्या, सावित्रीबाईंच्या, लोखंडी कपाटात गेल्या. सावित्रीबाई किल्ली कमरेला लावून फिरत. चोरांचे दिवस आहेत, म्हणत, आणि सणावारीसुद्धा पाटल्या बाहेर काढत नसत.

जानकी तरीही धीर धरून होती. मुलगी गौरजा कुडाळच्या इस्पितळात नर्स म्हणून लागली, तेव्हा मायलेकींचं फोनवर ठरलं. पाटल्या मोडायच्या, कुडाळात खोली घ्यायची, आणि आचऱ्याला परत यायचं नाही. मसुऱ्याला पुतण्याचं लग्न होतं. तिथे घालायला म्हणून पाटल्या मागायच्या आणि तिथूनच कुडाळची गाडी धरायची.

लग्नाच्या सकाळी सावित्रीबाईंनी पाटल्यांची लाल पिशवी आणून दिली. बाबली ओटीवर दाढी करत होता. जानकी मागच्या पडवीत गेली. पाटल्या हातात घेताच तिला त्या हलक्या वाटल्या. दुकानातलं भिंग तिने आपल्याबरोबर आणलेलं होतं. तिने पाटली आतून पाहिली. ९१६. दुसरी पाहिली. तिच्यावरही ९१६, सुबक, यंत्राने मारल्यासारखं. महादूचा 'म' कुठेच नव्हता, सुलटाही नाही आणि उलटाही नाही. पदराने घासल्यावर सांध्यापाशी पितळ दिसलं.

ती तिथेच चुलीच्या लाकडांवर बसली.  मान वर केली तेव्हा सावित्रीबाई दारात उभ्या होत्या.

"आये, ह्यो पाटल्यो माझ्यो न्हय," जानकी म्हणाली.

म्हातारीने ओटीच्या दिशेने एकदा पाहिलं आणि पडवीचं दार लोटून घेतलं.

"माका ठावक आसा. बाबल्याक होडयेक इंजिन होया होता. मियाच चावी दिलंय."

होडीचं ते इंजिन पहिल्याच मोसमात खडकावर आपटून गेलं होतं. ते जानकीला माहीत होतं. ते कशातून आलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. मग इतकी वर्षं ही किल्ली कशाला सांभाळलीत, एवढंच तिने आता विचारलं.

सावित्रीबाई तिच्या शेजारी लाकडांवर टेकल्या. "पाटल्यो कपाटात आसत असा तुका वाटला, म्हणान तू ऱ्हवलंस. नायतर कधीच गेलं असतंस." मग त्या म्हणाल्या, "पोटचो झील तो तसलो. तू गेलंस तर माका कोण बघतला गो?"

जानकीला राग यायला हवा होता. तो येत होता, पण बाहेर बाबलीने नळ बंद केला आणि दोघींच्याही माना एकदम खाली गेल्या.  जानकीने पाटल्या हातात चढवल्या.

मसुऱ्याला मांडवात बायकांनी तिला घेरलं. पाटल्यांचं कौतुक झालं. ती सोन्यातली जाणती म्हणून नव्या नवरीच्या मावशीने आपलं कर्णफूल काढून पुढे केलं आणि खरं सोनं कसं ओळखायचं ते विचारलं. जानकीने सगळं नीट सांगितलं. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, म्हणाली, त्रिकोण बघा, घासल्या जागी रंग बघा. बोलताना तिने हात मांडीवर पालथे ठेवले होते. पलीकडे बसलेल्या सावित्रीबाई जेवत नव्हत्या.

जेवणावळ उठल्यावर बाबली मित्रांबरोबर मागे राहिला. सासू-सुना फाट्यावर आल्या. गौरजाचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा जानकीने उचलला आणि आज जमणार नाही, एवढंच सांगितलं. पलीकडून गौरजा विचारत राहिली, आई, पाटल्या मिळाल्या का? जानकीने मिळाल्या म्हणून सांगितलं.

कुडाळची गाडी आली, थांबली. कंडक्टरने दोघींकडे बघत घंटी मारायचं क्षणभर थांबवलं. जानकी जागची हलली नाही. सावित्रीबाई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, भात कापलेल्या खाचराकडे बघत होत्या. गाडी वळणाआड गेली.

आचऱ्याची गाडी उशिरा आली. पायरी उंच होती. म्हातारीने आधारासाठी हात पुढे केला, तो जानकीच्या मनगटावर, पाटल्यांवरच पडला. क्षणभर तिने तो मागे घेतला. मग जानकीनेच तिचा हात धरला आणि तिला वर चढवलं.