यंदा धम्मा मरणार नाही

आमच्या लखीराम सरांना नाटकाचं भारी वेड. सव्वीस जानेवारी जवळ आली की शाळेतलं गणित सुट्टीवर जातं. नाटक दरवर्षी तेच. गावचा जवान धम्मरत्न सीमेवर लढतो, शत्रूची गोळी लागते आणि झेंडा छातीशी धरून तो पडतो. पोरं पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांच्या बंदुका करतात. शत्रू कायम अब्रार. मी एकदा भांडले, "त्यालाच का?" तर सर म्हणाले, "तो डोळे चांगले वटारते, मॅडम." कपाळ माझं!

धम्मरत्न खराच होता. पेटीतून घरी आला तेव्हा पांढरकवड्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. त्याची आई नलूकाकू माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. दरवर्षी शाळा तिला शाल-नारळ देते, पहिल्या रांगेत बसवते आणि तिच्यासमोर तिचं पोरगं पुन्हा मारते. वर टाळ्या. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटत नाही. मीच ताट झाकून नेते, तेही तसंच परत येतं.

यंदा ती स्वतःच माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पदराशी चाळा करत म्हणाली, "शीला, तुह्या सरले सांगशीन काय? या खेपेले नाटकात कोणाच्या पोराले मारू नका म्हणा. मले पाह्यवत नाही व."

मी शब्द न् शब्द सरांना सांगितला. माणूस वाईट नाही, त्यांचे डोळे भरून आले. "मायचं काळीज आहे, मॅडम. ठरलं. यंदा धम्मा मरणार नाही." नाटक त्यांनी नव्याने लिहिलं. मी मुलींचं लेझीम बसवण्यात अडकले होते, त्यामुळे ते पाहिलं थेट मैदानावर.

धम्मा खरंच मेला नाही. त्याने नेम धरला, पोरांनी तोंडाने "ठो!" केलं आणि अब्रार गिरकी घेऊन धुळीत पडला. कर्ण्यावर गाणं लागलं. शिट्ट्या, टाळ्या, नुसता दणका. धम्मा झालेला पोरगा झेंडा नाचवत होता. सर काकूकडे असे बघत होते, जणू तिचा मुलगा त्यांनी परत आणून दिला.

काकू उठली. मांडीवरची शाल खाली पडली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती सरळ अब्रारपाशी गेली आणि धुळीत बसली.

"ऊठ रे बाबू."

अब्रारने डोळे उघडले नाहीत. नाटक संपेपर्यंत हलायचं नाही, ही सरांची ताकीद. तो पुटपुटला, "आजी, मी मेलो ना."

सर धावत आले. "मावशी, यंदा तर तुमचा धम्मा जिता आहे!"

"मंग हे कोणाचं होय?"

"हा शत्रू आहे, मावशी."

"याले माय नसन काय, सर?"

गाणं कुणीतरी बंद केलं. पोरं काड्या धरून उभी. काकू त्यांच्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "माहा धम्मा पडला, तवा तिकडंबी कोणी अशाच टाळ्या वाजवल्या असतीन रे."

सरांनी मान खाली घातली. धम्मा झालेल्या पोराने बंदूक पाठीमागे लपवली.

काकूने अब्रारचा खांदा हलवला. "ऊठ ना बाबू. ऊठ." आता तिचा आवाज फुटला होता. तो सरांकडे भीतभीत बघत उठून बसला. तिने पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, केस झाडले, हात-पाय चाचपून पाहिले. मी तिला धरायला गेले, तर माझा हात घट्ट पकडून म्हणाली,

"पाह्य शीला, हा उठला. हा उठला व."