इथे रडायला मनाई आहे

बिस्किटांच्या कारखान्यातल्या पॅकिंग विभागात ती बातमी कुठून आली, ते कोणालाच सांगता येईना. दोन पाळ्यांपैकी एक बंद होणार, एवढंच कळलं. कोणती, कधी, कोणाला घरी बसवणार, यावर वरच्या मजल्यावरून चकार शब्द नाही. असा जीव टांगणीला लागला की माणसाचं काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी भोगलं आहे. कोणाची भूक मेली, कोणी घरी पोरांवर हात उगारू लागली, कोणी मुतारीत जाऊन डोळे पुसून येऊ लागली.

सुपरवायझरबाईंना ही सगळी थेरं वाटत. नवरा वारंवार नोकऱ्या बदलणारा, तरी त्यांनी घर एकटीनं ओढलं होतं आणि कोणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पाकिटं वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ज्यांना गळा काढायचाय त्यांनी घरी जावं. इथे बिस्किटं सादळतात."

सगळ्या खो खो हसल्या. बाई आपल्यावर खूश राहिल्या तर यादीतून आपण वाचू, असा हिशेब त्या हसण्यात होता.

सीलिंगच्या मशीनवर एक तरुण बाई होती. पाकिटाचं तोंड तापलेल्या पट्ट्यांमध्ये बंद करायचं, हे तिचं काम. एके सकाळी ती बाईंजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडतं, हात कापतात. थोडे दिवस मला खोकी भरायला द्या ना. इथे भीती वाटते."

बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"हं, आता मोठ्यानं सांग. काय होतंय तुला?"

"काही नाही बाई."

"लाजतेस कशाला? धडधडतं म्हणालीस ना? सगळ्यांना ऐकू दे!"

तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. 'धडधडतं' म्हणताना तिचा आवाज फाटला आणि डोळे वाहू लागले. बाई म्हणाल्या, "आली का धार! हा आपला गळका नळ. वायसर बदलायला कोणाला बोलवू?"

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं बाईच हसल्या. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं नळ. "नळाला पाणी आलं का गं?" असं विचारल्याशिवाय कोणाचा डबा उघडेना. ती पोरगी पुन्हा रडली नाही. काही बोललीही नाही. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, बघा, कशी सुतासारखी सरळ झाली!

पुढच्याच आठवड्यात त्याच मशीनवर तिचा हात तापलेल्या पट्ट्यांमध्ये गेला.

किंकाळी ऐकून बाई धावल्या. मशीनवर पाकिटं तुंबून करपत होती आणि ती पोरगी हात ओढून काढत होती. बाई ओरडल्या, "अगं, माल जळतोय, माल काढा आधी!"

एका बाईनं बटण दाबून मशीन थांबवलं. पोरीला दवाखान्यात नेलं. दुपारी त्या जागेवर दुसरी बसली आणि पट्टा चालू झाला.

याच सुमारास बाईंची दाढ ठणकू लागली. सकाळी उठलं की जबडा असा आवळलेला की चहाचा कप ओठांशी नेणं मुश्कील. नवरा तर बाहेरच्या खोलीत झोपायला गेला होता. "अगं, रात्रभर खडी भरडल्यासारखा आवाज करतेस तू," तो म्हणाला. "कारखान्यात काही झालंय का?"

"काही झालेलं नाही. तू तुझं बघ," बाई खेकसल्या.

शेवटी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयस्क, तोंडाचे फटकळ. आरसा फिरवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दाढ किडलेली नाही. तुम्ही झोपेत दात खाता. टोकं झिजलीत, एका दाढेला तडा गेलाय. कोणावर एवढा राग आहे?"

"मला कोणाचा राग नाही."

"मग भीती कशाची आहे?"

"भीती वाटायला मी काय नळ आहे?"

"म्हणजे?"

बाईंनी हसत हसत सगळी गोष्ट सांगितली, नावासकट. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"तिचा हात कसा आहे आता?"

"मी... विचारलं नाही."

"पाळी बंद झाली तर तुमचीही नोकरी जाईल ना?"

बाईंचा जबडा पुन्हा आवळला गेला.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "तुम्हा दोघींचं दुखणं एकच आहे. तिनं वेळेवर तोंड उघडलं. धोका कुठे आहे तेसुद्धा सांगितलं. शहाणी होती ती! तुम्ही तोंड मिटलंत, म्हणून स्वतःचे दात फोडताय. एवढंच केलं असतंत तर तुमचं तुम्हाला लखलाभ. पण जी बोलली तिचा तुम्ही तमाशा केलात. आता त्या पट्ट्यावर दुसरी कोण बोलेल?"

"मी कठोर झाले नाही तर काम चालत नाही, डॉक्टर."

"चाललं का?"

बाईंच्या कानात स्वतःचाच आवाज घुमला. माल जळतोय, माल काढा आधी! अरे देवा! पोरीचा हात भाजत होता आणि आपण बिस्किटं वाचवत होतो!

"दातांना मी टोपण करून देईन," डॉक्टर म्हणाले. "मनावर टोपण घालू नका. घरच्यांशी बोला. झोप येतच नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जा. दाढ दुखली तेव्हा माझ्याकडे आलात, त्यात लाज वाटली का?"

तिथून बाई थेट त्या पोरीच्या घरी गेल्या. ती एका हातानं केस विंचरायची धडपड करत होती, दुसऱ्यावर जाडजूड पट्टी. तिच्या नवऱ्यानं स्टूल पुढे केलं. तिनं बसा म्हटलं नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"हो, चुकलं."

"वेणी घालून देऊ का?"

"नको. हात मशीननं भाजला बाई, त्याचं मला एवढं नाही. पण सगळ्या हसल्या ना, ते झोपेतही ऐकू येतं. तुम्हाला माफ केलं की तुम्हाला बरं वाटेल. मला नाही वाटणार. तुम्ही जा आता."

बाई उठल्या. त्या रात्री जेवताना घास हातात धरूनच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नोकरी जाईल असं वाटतंय रे. मला फार भीती वाटते." आणि किती वर्षांनी कोणास ठाऊक, ढसाढसा रडल्या. नवऱ्यानं ताट बाजूला सारलं आणि नुसता जवळ बसून राहिला.

सकाळी पट्टा चालू होण्याआधी त्यांनी तेच सगळ्यांसमोर सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "आता तुमचं काय नाव ठेवायचं, बाई?" दोघीतिघी फिसकन हसल्या. बाईंनी ते ऐकून घेतलं. आपणच शिकवलेलं होतं ते.

"ठेवा काय ठेवायचं ते," त्या म्हणाल्या. "पण हात कापत असेल तर मशीनवर बसू नका. मला सांगा. कारण विचारणार नाही."

मग खोकी भरणारी मावशी, जिचं हसणं त्या दिवशी सर्वांत लांबलं होतं, खाली बघत पुटपुटली, "माझ्या पोटात अन्न ठरत नाही, बाई." तिच्यामागून आणखी एक बोलली. मग आणखी एक.

पाळी त्यांचीच बंद झाली. बाईही घरी बसल्या. साहेबांनी खाली येऊन सांगण्याचीही तसदी घेतली नाही, दारावर कागद चिकटवला. पण त्या दिवशी कोणी एकटी घरी गेली नाही. ज्या जास्त खचल्या होत्या, त्यांच्याकडे कोणी कधी जायचं हे बायकांनी आपसांत ठरवून घेतलं. भाजलेली पोरगी मात्र त्यांच्यात आली नाही. तिची दोन बोटं कायमची ताठ राहिली, आणि बाई रस्त्यात दिसल्या की ती आजही पलीकडच्या बाजूला जाते.

वाचकहो, संकट केव्हा टळेल हे आपल्या हातात नसतं. पण आपल्याजवळ येऊन कोणी 'मला भीती वाटते' म्हणालं, तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे नक्कीच आपल्या हातात असतं. स्वतःचं मन दुखत असेल तर सांगा, सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि दुसरा सांगत असेल तर हसू नका, ऐका. हे शहाणपण बाईंनाही आलं, पण त्याची किंमत मोजली दुसऱ्याच कोणीतरी.